जुलीचा दुसरा हँडलर

जना, ती जेवली.

आधी हेच सांगतो, कारण तू गेल्यापासून जो भेटतो तो मला हेच विचारतो. जुली जेवते का? जुली रडते का? तुझ्या अंत्यविधीला तिला तुझ्या गावी, राईला नेली होती. पाटलाला शेवटची सलामी तिनंच द्यायची, असा साहेबांचा हुकूम होता. तुझ्या अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिला गाडीतून उतरवली तशी माणसं बाजूला झाली आणि सगळ्यांचे मोबाइल वर आले. ही आता काय करते, ते सगळ्यांना बघायचं होतं. तिनं फुलं हुंगली, तुझे पाय हुंगले, मी 'सिट' म्हटल्यावर बसली आणि मग तोंड भरून जांभई दिली. माझ्या शेजारचा एक जण हळूच म्हणाला, "अरे, ये तो रोई ही नहीं." केनेलला परत आल्यावर मी नेहमीचं भांडं तिच्यापुढे ठेवलं. भात, मटण, एक अंडं. तिनं भांडं चाटूनपुसून लख्ख केलं.

खरं सांगू? मला बरं वाटलं. वाटलं, बघ, तुझ्यावाचून तिचं काही अडलं नाही. मग पाच मिनिटांत तुझ्या वतीनं मलाच तिचा राग आला. म्हटलं, एक वेळ तरी उपाशी राहायचं होतंस गं, काय नव्हतं केलं त्यानं तुझ्यासाठी! ती माझ्या बुटाची लेस चावत बसली.

शोकसभेत वाचायला साहेबांनी मला दोन पानं लिहून आणायला सांगितली होती. "कांबळे, तूच त्याच्या सगळ्यात जवळचा." मी लिहिलं: कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सदैव हसतमुख. वाचून बघितलं तर ते कुणाच्याही बद्दल चाललं असतं. तेच वाचलं शेवटी. लोकांनी माना हलवल्या. हे जे आता लिहितोय ते तिथं वाचता आलं नसतं, कारण ह्यातली पहिली गोष्ट अशी, की सात वर्षं मी तुझ्यावर जळत होतो. तुला ते माहीत होतं. मला ते तोंडानं कधी म्हणता आलं नाही, एवढंच.

आपल्या पोलिसांच्या श्वानपथकात एका कुत्र्यामागे दोन माणसं. एक फर्स्ट हँडलर, एक सेकंड. खाणं, धुणं, सराव, दवाखाना, सगळं दोघांनी मिळून करायचं. पहिला रजेवर गेला की दुसऱ्यानं तिला कामावर न्यायची. कागदावर फरक तेवढाच. पण कुत्रं कागद वाचत नाही. त्याला माणूस एकच असतो.

पुण्याला ट्रेनिंगला मी तुझ्या चार दिवस आधी पोहोचलो होतो. हे मी तुला इतक्या वेळा ऐकवलंय की शेवटी शेवटी माझं वाक्य सुरू झालं की तू ओठ हलवून ते माझ्याबरोबर म्हणायचास. तुझ्या गावात कुणाचं तरी लग्न होतं म्हणून तुला उशीर झाला. त्या चार दिवसांत जुलीला मी सांभाळली. तीन महिन्यांचं डॉबरमॅनचं पिल्लू, पाय लांब, कान मोठे आणि पोट बिघडलेलं. दिवसातून पाच-पाच वेळा तिची जागा मी धुतली, ताकभात मी बोटानं भरवला. चौथ्या दिवशी ती माझ्या पँटचं टोक दातांत धरून मागे मागे यायला लागली. मी घरी फोन करून संगीताला सांगितलं, आपल्याला अजून एक मुलगी झाली.

पाचव्या दिवशी दुपारी तू खांद्यावर बॅग टाकून गेटातून आत आलास. बॅगेतून सुक्या बोंबलांचा असा वास सुटला होता की आपले ट्रेनर दोन पावलं मागे सरकले. जुली माझ्या पायापाशी होती. ती उठली, तुझ्याकडे चालत गेली आणि तुझ्या बुटावर हनुवटी टेकून आडवी झाली.

ट्रेनर हसले. "पाटील फर्स्ट, कांबळे सेकंड. तिनंच ठरवलं. मला काही विचारू नका."

वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो, बोंबलांचा वास, दुसरं काही नाही. पण तू साबणानं घासून आंघोळ करून आलास तरी तेच व्हायचं. सकाळी मी तिला ब्रश करत असायचो. तुझी बाइक अजून नाक्यावर असायची, मला आवाजसुद्धा ऐकू आलेला नसायचा, आणि माझ्या हाताखाली तिची पाठ ताठ व्हायची. मी ब्रश फिरवत राहायचो. ती तिथं उभी असायची, पण माझ्याजवळ नसायची. एकदा मी मुद्दाम तिचं तोंड माझ्याकडे वळवून धरलं होतं. तिनं मला चाटलं, अगदी शहाण्यासारखं, आणि डोळे गेटाकडेच ठेवले.

तुझं सगळंच असं होतं. एखाद्या सोसायटीत घरफोडी झाली की आपण जुलीला घेऊन जायचो. लोकांना वाटतं कुत्रं आलं म्हणजे चोर आता हात जोडून समोर येणार. गॅलऱ्या भरून माणसं उभी राहतात. ती वॉचमनच्या खोलीपाशी जराशी थांबली की झालं, चार जण वॉचमनच्या कॉलरला हात घालायला तयार. अशा वेळी माझा आवाज चढायचा आणि गर्दी आणखी चेकाळायची. तू मात्र जुलीच्या शेजारी उकिडवा बसायचास आणि वर बघून म्हणायचास, "अरे, त्याच्या डब्यात अंडाकरी हाय. तुमच्या घरी असती तर तुमच्या दारात पन थांबली असती." सगळे हसायचे. वॉचमन वाचायचा. मी तिच्या पट्ट्याची लांब लीड गुंडाळत बाजूला उभा राहून मनात म्हणायचो, हे मला का सुचलं नाही? रात्री जेवताना मी हेच संगीताला सांगायचो. आज पाटलानं असं केलं, आज पाटील असं म्हणाला, त्याला काय, गावचा आहे, सगळे ओळखीचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुम्ही ह्या पाटलाबद्दल जेवढं बोलता ना, तेवढं माझ्याबद्दल कुणापाशी बोलला असाल तर मला सांगा."

आता मिठागराचं लिहितो. ते टाळत इथवर आलो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस संपलेला, मिठाचं काम अजून सुरू व्हायचं होतं. तुझ्या चुलत भावाची हळद होती, तू दोन दिवस रजेवर होतास. दुपारी फोन आला. बेव्हर्ली पार्क सोसायटीतले एक आजोबा सकाळी फिरायला गेले ते परत आले नाहीत. वय झालेलं, विसरभोळे. मूळचे रत्नागिरीकडचे, कधी कधी सुनेला विचारायचे की बंदरावर कसं जायचं. मी एकटा जुलीला घेऊन गेलो. सुनेनं उशीचा अभ्रा दिला. "साहेब, त्यांना चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, आणि चष्मा घरीच आहे," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

जुलीनं वास घेतला आणि निघाली. सोसायटीचं मागचं गेट, नाला, भंगारवाल्यांचं कंपाउंड, आणि मग मिठागराचा बांध. एकदासुद्धा अडखळली नाही. मी लीड धरून पळत होतो आणि मला इतकं छान वाटत होतं, जना! तू नव्हतास आणि ती काम करत होती. माझ्यासाठी. बरोबर आलेले दोन शिपाई मागे पडले होते.

मग बांध फुटलेला आला. मधे दहा-बारा पावलं नुसता चिखल, दोन्ही बाजूंना तिवरं, भरतीचं पाणी हळूहळू आत येत होतं. जुली चिखलात उतरली आणि मला ओढायला लागली. मी गुडघ्यापर्यंत आत गेलो. मला पोहता येत नाही, माझा बाप परभणीकडचा, आमच्याकडे एवढं पाणी कुणी बघितलेलं नाही. पण थांबलो ते पाण्याच्या भीतीनं नाही. भरतीचं कारण मी नंतर रिपोर्टात लिहिलं होतं. खरं कारण वेगळं आहे.

आदल्या आठवड्यात तू तिला ह्याच बांधावर सरावाला आणली होतीस. ती जशी ओढत होती, कुईकुई करत, शेपटाचा तुकडा हलवत, तशी ती फक्त तुझ्या मागावर ओढायची. सकाळपासून ती गेटाकडे बघत होती. माझ्या डोक्यात एकदम आलं, हिला आजोबा नकोतच. ही पाटलाला शोधतेय. इतका वेळ मी जो खुशीत पळत होतो तो तुझ्याच मागे पळत होतो. मी लीडला असा हिसका दिला की ती कोलमडली. "नाहीये तो इथं!" मी ओरडलो. तिनं पुन्हा पुढे ओढलं. मी पुन्हा हिसका दिला, आणि तिला ओढत परत आणली. वायरलेसवर सांगितलं, कुत्री बांधापर्यंत जाऊन घुटमळली, माग तुटला. शोध स्टेशनच्या बाजूला वळला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तू आलास. रजा संपली नव्हती. तुझ्या कानामागे हळद तशीच होती. कुणाला काही न विचारता तू जुलीला अभ्रा दिलास आणि आपण निघालो. तू पुढे, मी मागे, त्यामागे साहेब, आजोबांचा मुलगा आणि पाच-सहा माणसं. ती त्याच वाटेनं गेली. नाला, कंपाउंड, बांध. फुटलेल्या जागी ओहोटी होती. आणि अलीकडच्या, पाणी न चढलेल्या चिखलात माझे बूट उमटलेले होते. तिचे पंजे होते. तिनं किती जोर लावला होता तेसुद्धा दिसत होतं, नखांनी चिखल खरवडला होता. मागे वळलेले माझे बूट, आणि त्यांच्यामधून तिला फरपटत नेल्याची रेघ.

तू थांबून बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. तेवढंच. मग तू मुद्दाम त्या ठशांवरून पाय घासत पुढे गेलास.

तिथून हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर मिठाच्या गोण्या ठेवायची पडकी झोपडी होती. आजोबा तिच्या भिंतीला टेकून बसले होते. ओठ फाटलेले, डावा पाय कालवांच्या धारदार शिंपांवर कापून सुजलेला. जुलीला बघितलं आणि ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "काल पण आली होती ही. मी हाक मारली. ओढून नेली तिला कुणीतरी."

सगळे ऐकत होते. साहेब, मुलगा, सगळे. आणि तू त्यांच्या ओठाला बाटली लावत म्हणालास, "बाबा, आधी पानी प्या." मग मागे वळून साहेबांना म्हणालास, "भास झाला असंल. काल भरती होती, साहेब. हितं कुनी येऊच शकत न्हाय."

आजोबांनी बाटली बाजूला करून पुन्हा सांगितलं. मुलानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं बाबा, हो बाबा." तू त्यांना पाठीवर घेतलंस आणि त्या चिखलातून बाहेर आणलंस. बाहेर पत्रकार उभे होते. तू त्यांना काय सांगितलंस ते मला आजही तोंडपाठ आहे: "काल कांबळेनी हितपर्यंत माग काढलेला. पानी उतरल्यावर मी फकस्त पुढं गेलो."

सत्कार झाला, तुझा आणि जुलीचा. तू मला स्टेजवर ओढलंस. माझ्याही गळ्यात हार पडला. तो हार अंगाला टोचत होता आणि मी तुझ्याकडे बघत होतो आणि मला तुझा इतका राग येत होता की काय सांगू. कुत्री तुझी, गाव तुझं, गर्दी तुझ्या शब्दावर हसते, आणि आता मोठं मनही तुझंच? मला निदान चार लोकांत शिव्या घातल्या असत्यास तर बरोबरी तरी झाली असती.

म्हणून मी भांडण उकरून काढलं. महिनाभरानं, तू जुलीचे कान साफ करत होतास तेव्हा. आभार मानायचे सोडून मी म्हणालो, "तू त्या म्हाताऱ्याला वेडा ठरवलंस. खरं बोलत होता तो."

तू कापूस बदललास. "हां. खरं बोलत होता."

"मग? माझ्यासाठी खोटं बोलायला मी सांगितलं होतं?"

"न्हाय सांगितलंस."

"ते लोक आयुष्यभर त्याला भ्रमिष्ट म्हणणार. तुझ्यामुळे."

मग तू मान वर केलीस. तुझा आवाज चढला नव्हता. "मंग तू जाऊन सांग ना, विलास. मी कुठं अडवलाय तुला?"

मी गेलो नाही. बेव्हर्ली पार्कावरून ड्युटीला जाताना मी तीन वर्षं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं गेलो. हा विषय आपल्यात पुन्हा निघाला नाही. कधी काही बिनसलं की मी मनात तेच वाक्य काढायचो: मोठा आलाय, एका म्हाताऱ्याला वेडा ठरवलं त्यानं. तुझ्यात मला सापडलेला तो एकच डाग होता, आणि तो मी जपून ठेवला होता. डाग कुणाचा, ते मात्र मी कधी नीट बघितलं नाही.

आणि मग त्या सोमवारी तुझी बाइक आलीच नाही. छातीत दुखतंय म्हणून तुला पहाटे दवाखान्यात नेलं होतं. मला फोन आला तेव्हा माझ्या हातात ब्रश होता आणि जुली शांत उभी होती. तिची पाठ ताठ झाली नव्हती. मला आधी वाटलं, चला, आज हिचं लक्ष माझ्याकडे आहे. फोन उचलायच्या आधी मी खूश झालो होतो, जना. हे मी संगीतालाही सांगितलेलं नाही.

केनेलबाहेरच्या पाटीवरचं तुझं नाव आठवड्याच्या आत पुसलं. आता तिथं वर मी आहे. मी पाटीकडे बघितलं, रंग अजून ओला होता, आणि मला काहीच वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे. जुलीचं वय झालंय, पावसाळ्यानंतर ती रिटायर होईल. रिटायर झालेल्या कुत्र्याला हँडलर अर्ज करून घरी नेऊ शकतो. तू असतास तर प्रश्नच नव्हता. तू कधीपासून सांगत होतास, राईला नेईन, अंगणात आंब्याखाली बसंल, खाडीवर हिंडंल. तेव्हाही मी जळायचो. माझी वन रूम किचन, चौथा मजला, लिफ्ट महिन्यातले आठ दिवस बंद. तुझ्या तेराव्याला आलो तेव्हा सुगंधा वहिनी मला आत बोलावून म्हणाल्या, "भावजी, जुलीला आमच्याकडं द्याल का? पोरी इचारतात. त्यांना वाटतं, पप्पांचं कायतरी घरात येल."

मी नाही म्हणालो.

सरळ तोंडावर म्हणालो. "वहिनी, अर्ज मी माझ्या नावानं दिलाय." वर आणखी मी म्हणालो, "मला ती पाहिजे. सात वर्षं पाहिजे होती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि मला वाटलं आता ह्या मला घराबाहेर काढणार. त्या म्हणाल्या, "ह्यांना म्हायती होतं ते. तुमीच ठेवा मंग. पन दर आईतवारी आनायची. न्हाय आनलीत तर मी येन चौथ्या माल्यावर." दर रविवारी आणणार आहे. पण ती माझ्याकडेच राहील. ह्याबद्दल तुझी माफी मागणार नाही.

माफी दुसऱ्या गोष्टीची मागायची होती, आणि तुझी नाही. तेराव्याच्या पंगतीत तुझे एक काका मला हाताला धरून सगळ्यांना दाखवत होते. "मिठागरावर पयल्या दिवशी माग काढला तो ह्यो कांबळे. जना सांगायचा." बायाबापड्यांनी मला हात जोडले. पुढ्यातलं पान मला संपवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत बेव्हर्ली पार्कला गेलो. आजोबांच्या सुनेनं दार उघडलं. मी सांगितलं, पोलिसांच्या श्वानपथकातून आलोय. तिनं माझ्या मागे जिन्यात बघितलं. "पाटील नाही आले?"

मी सांगितलं. ती दारातल्या चपलांच्या स्टँडवर टेकली. मग म्हणाली, "दीड महिन्यापूर्वी तर आले होते."

"कोण?"

"पाटील. यायचे ना, दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी. बाबांशी बसायचे. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. ती सांगत गेली. बाबा दर वेळी तेच सांगायचे, आदल्या दिवशी कुत्री आली होती, मी हाक मारली, ओढून नेली. घरातले म्हणायचे, बाबा, पुरे आता. "पण पाटील म्हणायचे, 'हां बाबा, आली होती. आमच्याकडनं चूक झाली.' दर वेळी. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखतायत."

आमच्याकडनं. तू 'आमच्याकडनं' म्हणालास.

मी दारातच उभा होतो. म्हणालो, "मन राखत नव्हते. कुत्री खरंच आली होती. तिला ओढून नेणारा मी. झोपडी समोर होती, आणि मी परत फिरलो."

ती उठली. तिचा चेहरा बदलला. "रात्रभर होते ते तिथं," ती म्हणाली. "तो पाय अजून धड नाही त्यांचा. वॉकरशिवाय चालत नाहीत."

"हो."

"तीन वर्षांनी सांगताय."

"हो."

तिनं मला बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. बरोबर केलं. पण दारही लावलं नाही. आतल्या खोलीत गेली, मला तिचा मोठ्यानं बोललेला आवाज आला. "बाबा, ऐका. तुम्ही खरं बोलत होता. कुत्री आली होती आदल्या दिवशी. पोलीस सांगायला आलेत."

आतून आजोबा म्हणाले, "मग? मी खोटं कधी बोललो?"

मी आत गेलो. ते खिडकीपाशी खुर्चीत होते, पाय स्टुलावर. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला, सुजलेल्याच. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे चष्म्यातून नीट बघितलं. ओळखलं नाही. ओळखणार कसे, त्या दिवशी चष्म्याशिवाय त्यांना माझी धूसर पाठच दिसली असेल.

"आजोबा, ती चूक माझी होती," मी म्हणालो.

"असू दे," ते म्हणाले. इतक्या सहज, की मला कळलं, ते तुझ्याकडून कितीदा तरी ऐकून झालेलं होतं आणि कितीदा तरी माफ करून झालेलं होतं. तीन वर्षं जी गोष्ट मला उचलवली नाही, ती तू रविवारी दुपारी येऊन, गप्पा मारता मारता, उरकून गेला होतास. तिथंही तू माझ्या आधी पोहोचला होतास, जना. एक जागा तरी माझ्यासाठी ठेवायची होतीस.

मग त्यांनी विचारलं, "तो कुठाय? पाटील?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "ड्युटीवर आहे."

"त्याला म्हणावं, ताडगोळे निघाले असतील. घेऊन ये. मागच्या उन्हाळ्यात आणले होते त्यानं." मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "तुला येतो का ताडगोळा सोलायला? ह्या लोकांना येत नाही. फोडतात आणि पाणी सांडतात."

"नाही येत, आजोबा."

"पाटील सोलतो. अख्खा. एक थेंब जात नाही."

म्हणून हे लिहिलं. त्यांचा निरोप होता, तो तुला पोहोचवला. रविवारी साहेबांना विचारून जुलीला घेऊन राईला येतोय. वहिनींकडून ताडगोळा सोलायला शिकणार आहे, आणि तिथून थेट आजोबांकडे जाणार आहे. पहिले काही फुटतील, पाणी त्यांच्या धोतरावर उडेल, आणि ते म्हणतील, पाटील असं करत नव्हता.

म्हणू देत.